हवाली करण्यापूर्वीचे चार प्रश्न

मुलगा अगर जावई अमेरिकेत असलेल्या घरी एखाद्या रात्री फोन वाजावा, "मला इथे एका जुन्या वॉरंटावर धरले आहे, ते वॉरंट दुसऱ्याच राज्याचे आहे, आणि आता तिकडे धाडणार म्हणतात" इतके तुटक वर्तमान कानी पडावे, आणि तुरुंगातील यंत्राने नेमून दिलेली मिनिटे संपून संभाषण तिथेच तुटावे, असा प्रसंग कोणावर येऊ नये हे खरे; परंतु तो येतो, आणि आला म्हणजे पुण्यानाशिकच्या दिवाणखान्यांत जी धांदल उडते तिच्यात दोन गैरसमज हटकून आढळतात. पहिला असा की, प्रत्यर्पण हे वर्षानुवर्षे रेंगाळणारे प्रकरण असून तोवर काही ना काही मार्ग निघेलच. मुंबईवरील हल्ल्याच्या खटल्यातील आरोपी तहव्वूर राणा याला भारताच्या स्वाधीन करण्याची कारवाई २०२० पासून चालू राहून एप्रिल २०२५ मध्ये पुरी झाली, हे वर्तमानपत्रांत वाचलेले असल्यामुळे हा समज अधिकच घट्ट बसलेला असतो. दुसरा असा की, माणूस जिथे पकडला गेला तिथल्या न्यायाधीशापुढे सारी हकीकत नीट मांडली आणि तो निरपराध आहे हे पटवून दिले की न्यायाधीश त्याला मोकळा करील. दोन्ही समज चुकीचे आहेत, आणि दुसरा अधिक महागात पडतो. कारण त्याच्यापायी माणसे आपला पैसा आणि उमेद ज्या न्यायालयात खर्चू नये नेमकी तिथे खर्चून बसतात.

देशादेशांतील प्रत्यर्पण आणि अमेरिकेच्या एका राज्याने दुसऱ्या राज्याकडे फरारी माणूस हवाली करणे, यांचे नाव एक असले तरी जात निराळी आहे. देशांच्या दरम्यान तह लागतो, जसा भारत आणि अमेरिका यांच्यात १९९७ साली झाला. ज्या गुन्ह्यासाठी माणूस मागितला त्याच गुन्ह्याचा खटला त्याच्यावर चालवायचा, असे बंधन त्यात असते. आणि त्याची तपासणी संघराज्याच्या न्यायालयांत सावकाश होते. राज्याराज्यांतील व्यवहाराला यांतले काही लागत नाही. जॉर्जियाने एका गुन्ह्यासाठी न्यूयॉर्ककडून मागून नेलेल्या माणसावर दुसऱ्याच गुन्ह्याचा खटला चालविला, तेव्हा त्यात काही वावगे नाही असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९३ सालीच सांगून टाकले आहे. या व्यवहाराचा हिशेब वर्षांत होत नाही, आठवड्यांत होतो.

मुळात आपल्याकडील वाचकाला 'राज्य' हा शब्दच येथे चकवतो. महाराष्ट्रातून कोणी बिहारला पळाला तर आपले पोलीस तिकडे जातात, स्थानिक ठाण्यात नोंद करतात, आरोपीला तिथल्या दंडाधिकाऱ्यापुढे उभा करून 'ट्रान्झिट रिमांड' घेतात आणि गाडीत बसवून आणतात. दोन्हीकडे फौजदारी कायदा एकच असल्यामुळे तिथे राज्याने राज्याकडे मागणी करण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. अमेरिकेत मात्र न्यू जर्सीची दंडसंहिता वेगळी, टेक्सासची वेगळी, आणि एकाच्या वॉरंटाचा अंमल दुसऱ्याच्या हद्दीत आपोआप चालत नाही. ही स्थिती आपल्या पणजोबांना सहज समजली असती. इंग्रजी मुलुखात गुन्हा करून कोल्हापूर किंवा सांगली संस्थानच्या हद्दीत शिरायचे, अगर संस्थानात करून इकडे यायचे, हा त्या काळचा जुना धंदा; आणि संस्थानातून इकडे आलेल्या माणसाला परत धाडण्यासाठी १९०३ च्या प्रत्यर्पण कायद्याप्रमाणे पोलिटिकल एजंटाचे वॉरंट जिल्हा मॅजिस्ट्रेटाकडे यावे लागे. अमेरिकेतील गव्हर्नर हा आपल्या राज्यपालासारखा शोभेचा अधिकारी नसून लोकांनी निवडलेला प्रत्यक्ष कारभारी असतो, आणि पोलिटिकल एजंटाच्या त्या वॉरंटाच्या जागी तिथे आजही गव्हर्नरचे वॉरंट चालते, असे समजले म्हणजे पुढचे सारे सुलभ होते.

या व्यवस्थेचा उगम अमेरिकेच्या राज्यघटनेच्या चौथ्या अनुच्छेदातील एका वाक्यात आहे. एका राज्यात गुन्ह्याचा आरोप असलेला आणि न्यायापासून पळून दुसऱ्या राज्यात सापडलेला माणूस, पहिल्या राज्याच्या कार्यकारी सत्तेने मागणी करताच तिच्या स्वाधीन करावा, एवढाच त्याचा आशय. तेवढ्याने काम भागेना. १७९१ साली पेनसिल्व्हेनियाच्या गव्हर्नरने, एका स्वतंत्र कृष्णवर्णीय माणसाला पळवून नेल्याच्या आरोपावरून तीन इसमांची व्हर्जिनियाकडे मागणी केली आणि व्हर्जिनियाने ती धुडकावली. तक्रार खुद्द अध्यक्ष वॉशिंग्टन यांच्यापर्यंत गेली. आणि त्यातून १७९३ चा जो कायदा निघाला त्यात फरारी गुन्हेगारांबरोबर फरारी गुलामांनाही परत धाडण्याची तरतूद केली गेली. एका माणसाच्या अपहरणाची दाद लागावी म्हणून निघालेला कायदा असंख्य माणसांना पुन्हा गुलामीत लोटण्याचे साधन व्हावा, यापरती विटंबना क्वचितच सापडेल. गुलामांविषयीचा भाग पुढे रद्द झाला. फरारी आरोपींविषयीचा थोड्या फेरफाराने आजही लागू आहे.

गव्हर्नरने मागणी नाकारली तर काय, हा प्रश्न १८६१ च्या मार्चमध्ये, म्हणजे यादवी युद्धाला तोंड लागण्याच्या काही आठवडे आधी, सर्वोच्च न्यायालयापुढे आला. एका गुलाम मुलीला पळून जाण्यास मदत केल्याचा आरोप असलेला माणूस केंटकीने ओहायोकडे मागितला होता, आणि ओहायोचे गव्हर्नर डेनिसन त्याला देण्यास तयार नव्हते. सरन्यायाधीश टॉनी यांनी निकाल दिला तो असा की, गव्हर्नरचे ते कर्तव्य आहे खरे, पण ते बजावण्यास त्याला भाग पाडण्याची सत्ता संघराज्याच्या न्यायालयांना नाही. त्यानंतर सव्वाशे वर्षे ही फट उघडी राहिली आणि तिच्यातून कधी अन्याय शिरला तर कधी दया. अटलांटातील सहा डॉलरांहूनही कमी रकमेच्या लुटीपायी जॉर्जियात साखळदंडाच्या सक्तमजुरीची शिक्षा झालेला आणि तिथून दोनदा निसटलेला रॉबर्ट बर्न्स १९३२ च्या डिसेंबरात न्यू जर्सीत पकडला गेला. त्याच्या पुस्तकावरून निघालेला चित्रपट तेव्हा गाजत होता. ट्रेंटनला सुनावणी होऊन गव्हर्नर मूर यांनी त्याला परत धाडण्यास साफ नकार दिला. ते औदार्य आज न्यू जर्सीच्या गव्हर्नरला दाखविता येणार नाही. २३ जून १९८७ रोजी पोर्तो रिको विरुद्ध ब्रॅनस्टाड या खटल्यात न्यायमूर्ती थर्गुड मार्शल यांनी डेनिसन प्रकरणातील निकाल रद्द ठरविला: कागद नियमाप्रमाणे असतील तर गव्हर्नरने माणूस दिलाच पाहिजे, आणि न दिल्यास संघराज्याचे न्यायालय त्याला तसे करावयास लावील. तेव्हा गव्हर्नरकडे अर्जविनंत्या करण्यात, ओळखीच्या पुढाऱ्याची पत्रे जोडण्यात किंवा मंडळाच्या सभासदांच्या सह्या गोळा करण्यात वेळ घालवू नये. नेहमीच्या प्रकरणांत त्याचा हात आता मोकळा राहिलेला नाही.

आता प्रत्यक्ष काय घडते ते पाहू. शिकत असताना ओहायोत घडलेले एखादे किरकोळ प्रकरण, नेमल्या तारखेला हजर न राहिल्यामुळे निघालेले वॉरंट, नंतर नोकरीसाठी दुसऱ्या राज्यात केलेले बिऱ्हाड, आणि एके दिवशी वेगमर्यादा ओलांडली म्हणून पोलिसाने थांबवून परवाना तपासला असता राष्ट्रीय गुन्हे-नोंदणीत उमटलेले नाव, असा अटकेचा सामान्य क्रम असतो. वॉरंट काढणाऱ्या राज्याला आपण मागणीदार राज्य म्हणू आणि माणूस सापडला त्याला आश्रयराज्य. नोंदीतच बहुधा असेही लिहिलेले असते की, या माणसाला कोठूनही आणू, किंवा फक्त शेजारच्या राज्यांतून आणू, किंवा आमच्याच हद्दीत सापडला तर घेऊ. कारण माणूस आणण्याचा खर्च असतो, आणि किरकोळ गुन्ह्यासाठी दोन हजार मैलांवर अंमलदार पाठविण्याची हौस कोणाला नसते. अशा वेळी माणूस त्याच दिवशी सुटतो आणि घरचे सुटकेचा श्वास टाकतात. पण वॉरंट जिथल्या तिथे राहते आणि पुढल्या थांब्यावर पुन्हा आडवे येते. सुटलेल्या दिवशीच मूळ राज्यात वकील पाहावा हे बरे.

मागणीदार राज्याने 'आम्ही नेणार' म्हटले की बहुतेक राज्यांनी स्वीकारलेला, १९३६ सालचा एकरूप फौजदारी प्रत्यर्पण कायदा लागू होतो. गव्हर्नरचे वॉरंट येईपर्यंत न्यायाधीश माणसाला तीस दिवसांपर्यंत अडकवून ठेवू शकतो, आणि ती मुदत आणखी साठ दिवस वाढविता येते. या अवधीत जामीन मागता येतो. ज्या गुन्ह्याला मृत्युदंड अगर जन्मठेप आहे तेवढे गुन्हे वगळले आहेत. गव्हर्नरचे वॉरंट बजावले गेले की मात्र बहुतेक ठिकाणी जामिनाचा दरवाजा लागतो. म्हणून जामिनाचा अर्ज करायचा तो पहिल्याच सुनावणीत. 'आधी कागद येऊ देत, मग पाहू' असे म्हणणारा वकील भेटला तर त्याला कारण विचारावे.

वॉरंट आल्यावर त्या माणसाला परस्पर मागणीदार राज्याच्या मुखत्याराच्या हाती देता येत नाही. त्याला आधी न्यायाधीशापुढे उभे केले पाहिजे, कोणत्या राज्याची कोणत्या आरोपावरून मागणी आहे हे सांगितले पाहिजे, वकील करण्याचा हक्क समजावला पाहिजे, आणि अटकेची कायदेशीरता तपासून घ्यावयाची असल्यास देहोपस्थितीचा, म्हणजे हेबिअस कॉर्पसचा, अर्ज करण्यास वाजवी मुदत दिली पाहिजे. हा नियम मुद्दाम मोडणाऱ्या अधिकाऱ्याला एक हजार डॉलरांपर्यंत दंड अगर सहा महिन्यांपर्यंत कैद, अशी शिक्षाही त्याच कायद्यात सांगितली आहे. प्रत्यक्षात ही सुनावणी पाचसात मिनिटांत आटोपते, आणि बहुधा न्यायाधीश न्यायालयात व कैदी तुरुंगातील पडद्यासमोर अशा स्थितीत आटोपते. तेव्हा समोरून घाईने वाचलेले इंग्रजी कळले नाही तर 'मला वकिलाशी बोलायचे आहे' एवढे एक वाक्य उच्चारण्यास कोणी संकोच करू नये.

हेबिअस कॉर्पसच्या अर्जावर न्यायालय काय तपासते, हे १९७८ च्या मिशिगन विरुद्ध डोरन या निकालाने कायमचे आखून दिले आहे. ॲरिझोनात चोरीला गेलेल्या एका मालमोटारीचे ते प्रकरण. ॲरिझोनाच्या कागदांत आरोपाला पुरेसा आधार दिसत नाही म्हणून मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने आरोपीला सोडले, आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ते चूक ठरविले. आश्रयराज्याच्या न्यायालयाने चारच प्रश्न विचारावयाचे: कागदपत्रे सकृद्दर्शनी नियमाप्रमाणे आहेत काय, या माणसावर मागणीदार राज्यात गुन्ह्याचा आरोप ठेवलेला आहे काय, मागणीत ज्याचे नाव आहे तोच हा माणूस आहे काय, आणि तो फरारी आहे काय. पाचवा प्रश्न नाही.

हे कागद एकदा स्वस्थपणे हाताळून पाहावे. वरती मागणीदार राज्याच्या गव्हर्नरची सही आणि राज्याची मुद्रा असलेले मागणीपत्र, त्याखाली तिथल्या सरकारी वकिलाने त्या गव्हर्नरकडे केलेला अर्ज, ज्यात आरोपी अमुक तारखेला आमच्या राज्यात हजर होता आणि नंतर निघून गेला असे शपथेवर म्हटलेले असते, मग आरोपपत्राची, अगर मॅजिस्ट्रेटापुढे केलेल्या प्रतिज्ञापत्राची, खरी असल्याचा दाखला जोडलेली नक्कल, अटकवॉरंटाची नक्कल, छायाचित्र आणि बोटांचे ठसे, आणि माणूस घेऊन येण्यासाठी नेमलेल्या मुखत्याराचे नेमणूकपत्र. यावर आश्रयराज्याच्या गव्हर्नरचे वॉरंट चढले की गठ्ठा पुरा झाला. नावातील एखाद्या अक्षराची चूक किंवा पानांचा उलटसुलट क्रम यांनी काही साधत नाही. पण दाखला नसलेली नक्कल, मॅजिस्ट्रेटापुढे न केलेले प्रतिज्ञापत्र, अशा उणिवा खऱ्या ठरतात. मात्र अशा दोषावरून सुटलेला माणूस दुरुस्त कागदांवर पुन्हा धरता येतो, हे विसरून पेढे वाटू नयेत.

दुसऱ्या प्रश्नाविषयी घटस्फोट आणि मुलांच्या ताब्याचे तंटे चालू असलेल्या कुटुंबांनी विशेष सावध राहावे. १९८७ सालीच निकाल लागलेल्या कॅलिफोर्नियाच्या एका प्रकरणात, मुलांचा ताबा आपल्याकडे देणारे कॅलिफोर्नियाच्या न्यायालयाचे हुकूम हाती असलेल्या बापाने लुइझियानात शाळेच्या बसची वाट पाहत उभी असलेली आपली मुले उचलून आणली. लुइझियानाने त्याच्यावर अपहरणाचा आरोप ठेवला. स्वतःची मुले, स्वतःकडे ताबा, मग अपहरण कसले, हा प्रश्न कॅलिफोर्नियाच्या न्यायालयाला रास्त वाटला. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की तो प्रश्न रास्त असला तरी विचारावयाचा तो लुइझियानात. आरोप ठेवलेला आहे की नाही एवढेच येथे पाहावयाचे. आरोप टिकेल की नाही हे येथे पाहावयाचे नाही. मुलांना घेऊन माहेरी, अगर भावाच्या राज्यात, 'चार दिवस' निघून जाण्यापूर्वी हा निकाल कोणी तरी त्या माऊलीला किंवा बापाला समजावून सांगितला असता, तर पुष्कळ अनर्थ टळले असते असे मला वाटते.

तिसरा प्रश्न ओळखीचा. जोशी, पाटील, कुलकर्णी ही आडनावे आणि अमित, सचिन, प्रिया ही नावे यांच्या जुळणीतून एकाच नावाचे किती तरी लोक निर्माण होतात, त्यात आपल्या नावात मधल्या जागी वडिलांचे नाव, कुणाच्या परवान्यावर ते पूर्ण, कुणाच्या परवान्यावर नुसते आद्याक्षर. तेव्हा यंत्राने दाखविलेला 'अमित पाटील' आपला नव्हे असे खरोखर घडू शकते. तसे असेल तर कोणत्याही कागदावर अजिबात सही न करता ठसे जुळवून पाहण्याची मागणी करावी. ओळखीच्या मुद्द्यावर पूर्ण पुरावा देता येतो.

चौथ्या प्रश्नातील 'फरारी' हा शब्द मोठा फसवा आहे. रात्री भिंत चढून पळाला तोच फरारी, असा आपला समज. कायद्याच्या दृष्टीने मात्र गुन्हा घडला म्हणतात त्या वेळी जो त्या राज्यात होता आणि नंतर कोणत्याही कारणाने, कोणत्याही समजुतीने, अगदी नवी नोकरी लागली म्हणून सामान बांधून उजळ माथ्याने बाहेर पडला, तो फरारीच. हे १८८५ आणि १९०६ च्या निकालांनी ठरून गेले आहे. उलट पक्षी, त्या वेळी तो त्या राज्यात नव्हताच असे निर्विवाद सिद्ध झाले तर तो फरारी नव्हे. १९०३ सालच्या हायट विरुद्ध कॉर्क्रन या प्रकरणात टेनेसीने मागितलेला न्यूयॉर्कचा रहिवासी आरोपातील तारखांना टेनेसीत नव्हता हे मान्य झाल्यामुळे सुटला. येथे तारीख हाच जीव की प्राण. आरोपपत्रातील तारीख घ्यावी आणि त्या दिवशी आपला माणूस कोठे होता ते पाहावे. तो दिवाळीसाठी घरी आला असेल, मुंबई विमानतळावरचे आगमनाचे व निर्गमनाचे शिक्के पासपोर्टात त्या तारखेच्या दोन्ही बाजूंना उमटलेले असतील, तर त्या पानांची स्वच्छ प्रत आणि विमान कंपनीचा दाखला त्याच दिवशी वकिलाकडे धाडावा. मित्रांची दहा प्रतिज्ञापत्रे या शिक्क्यांची बरोबरी करणार नाहीत, कारण तो तिथे होता असे एक साक्षीदार म्हणतो आणि नव्हता असे दुसरा म्हणतो, अशा परस्परविरोधी पुराव्यावर न्यायालय माणूस सोडीत नाही. हेही १९०५ पासून ठरलेले आहे.

या संरक्षणाला एक पोटदरवाजा आहे. आपल्या राज्यात बसून केलेल्या कृत्याने दुसऱ्या राज्यात हेतुपुरस्सर गुन्हा घडविला असेल, उदाहरणार्थ संगणकावरून एखाद्याला फसविले असेल, तर तो माणूस तिकडे कधीही गेलेला नसला तरी त्याला देण्याची मुभा १९३६ च्या कायद्याचे सहावे कलम गव्हर्नरला देते. घटनेची सक्ती अशा माणसाला लागू नसल्यामुळे येथे मात्र गव्हर्नरची मर्जी अजून चालते: गर्भपाताच्या गोळ्या लिहून दिल्याबद्दल लुइझियानाने मागितलेल्या आपल्या राज्यातील एका डॉक्टरला देण्यास न्यूयॉर्कच्या गव्हर्नर होकुल यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये नकार दिला, तो याच बळावर. तुमचे प्रकरण या जातीचे असेल तरच गव्हर्नरच्या कचेरीत अर्ज करण्यात अर्थ आहे.

आणि न्यायालय काय ऐकत नाही, तेही ऐकून ठेवावे. निरपराधीपणा ऐकत नाही. मुदतबाह्य झालेली फिर्याद ऐकत नाही. मागणीदार राज्याच्या तुरुंगांतील हाल ऐकत नाही, ते १९५२ आणि १९८० या दोन्ही वेळी फेटाळले गेले. पॅरोल रद्द करताना तिकडे अन्याय होईल ही भीती न्यू मेक्सिकोच्या न्यायालयाने ऐकली आणि १९९८ साली वरच्या न्यायालयाने तिलाही परत फिरविले. हे सारे कठोर आहे, पण एका राज्याच्या न्यायालयाने दुसऱ्या राज्याच्या खटल्याची आगाऊ पडताळणी करू लागावे तर पन्नास राज्यांचा पन्नास दिशांना गोंधळ होईल, हे कोणी निष्पक्षपाती माणूस नाकारणार नाही.

म्हणून बहुतेक प्रकरणांत माझा सल्ला असा असतो की, आश्रयराज्यातील वकिलाने चार प्रश्नांच्या कसोटीवर कागद वाचून पाहावेत, आणि खरी उणीव नसेल तर माणसाने हक्कसोडीच्या कागदावर, ज्याला तिकडे 'वेव्हर' म्हणतात, न्यायाधीशासमोर सही करावी. ही सही म्हणजे गुन्ह्याची कबुली नव्हे. 'मला न्यावयास माझी हरकत नाही' एवढाच तिचा अर्थ. महिना-दोन महिने परक्या कोठडीत काढून शेवटी तिथेच जावयाचे असेल तर ते दिवस फुकट कशाला घालवावे? जामिनावर अगर प्रोबेशनवर सुटताना पुष्कळांनी अशी सही आधीच करून ठेवलेली असते आणि ती त्यांच्या लक्षातही नसते. त्या जुन्या कागदांत ती आहे काय, हे पाहावे. खरा मोर्चा मूळ राज्यात बांधावयाचा. तिथल्या वकिलाने हजर होण्याची हमी देऊन वॉरंट मागे घेववले, जामीन ठरविला, किंवा स्वतःहून रुजू होण्याची तारीख घेतली, तर पुष्कळदा इकडचे प्रत्यर्पणाचे प्रकरणच निकाली निघते आणि खासगी कंत्राटदारांच्या गाडीत बेड्यांनिशी, वाटेतल्या तुरुंगांत मुक्काम करीत, दिवसचे दिवस होणारा प्रवास टळतो. व्हिसावर असलेल्याने मूळ खटल्यात कोणतीही कबुली देण्यापूर्वी तिचा वास्तव्यावर काय परिणाम होईल हे विचारून घ्यावे. २०१० पासून ते सांगणे हे बचावाच्या वकिलाचे कर्तव्यच ठरले आहे.

खरी उणीव असेल तर मात्र लढावे आणि हद्द ओलांडण्यापूर्वी लढावे. एकदा माणूस मागणीदार राज्यात पोहोचला की त्याला कसे आणले याची चौकशी संपते; शिकागोहून जबरदस्तीने पळवून मिशिगनमध्ये नेल्याची तक्रार करणाऱ्या आरोपीलासुद्धा १९५२ साली सर्वोच्च न्यायालयाने, त्यामुळे खटला रद्द होत नाही, असेच उत्तर दिले. बैल गेला आणि झोपा केला, अशी गत येथे अक्षरशः होते.

भारतीय वकिलातीला कळविण्याचा हक्क परदेशी नागरिकाला आहे आणि तो अवश्य वापरावा. वकिलातीचा अधिकारी भेटीला येईल, घरी निरोप देईल, वकिलांची यादी देईल. सुटका करवील अशी आशा मात्र धरू नये.

राहता राहिला तुरुंगातून येणारा फोन. तो ध्वनिमुद्रित होतो, आणि 'मराठीत बोललो म्हणजे कोणाला कळते आहे' हा भ्रम आहे. सरकारी वकिलाला भाषांतरकार मिळतात. आईच्या तोंडून काळजीपोटी निघालेला "अरे, पण त्या दिवशी तू तिथे गेलासच कशाला?" हा प्रश्न, आणि त्यावर मुलाने दिलेले केविलवाणे उत्तर, यांनी चार प्रश्नांपैकी चौथ्याचा निकाल परस्पर लागून जातो. त्याला जेवलास का विचारा, औषधे मिळतात का विचारा, वकिलाचे नाव सांगा आणि फोन ठेवा. बाकीचे सारे वकिलाशी बोला: न्यू जर्सीत सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात झालेले असतात.